गळ्याशी आल्यावर

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. रात्रभर तोंडावर कूलर, दिवसा रसवंतीतला बर्फ, वर रस्त्याची धूळ. वऱ्हाडात उन्हाळ्यात घसा न धरलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. मिठाच्या पाण्याच्या दोन गुळण्या केल्या की विषय संपतो. पण तोच घसा निरोधाशिवाय झालेल्या एखाद्या संबंधानंतर धरला, की धडधाकट गडी आठवड्यात निम्मा होतो. आरशापुढे उभं राहून मोबाइलच्या उजेडात घसा न्याहाळतो, जेवताना चिडतो, बायकोपासून लांब झोपतो. शेवटी मेडिकलच्या काउंटरवर जाऊन सांगतो, "भाऊ, घसा दुखून रायला. दमदार गोई दे."

दुकानदार ॲझिथ्रोमायसिनचं तीन गोळ्यांचं पाकीट पुढे करतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण चिठ्ठी आणायची तर डॉक्टरला काहीतरी सांगावं लागेल, आणि सगळा प्रयत्न तर न सांगण्याचाच चाललेला असतो. घसा विषाणूमुळे दुखत असेल, आणि बहुतेक वेळा तो त्यामुळेच दुखतो, तर गोळीचा काही उपयोग नाही. तो चार-पाच दिवसांत आपोआप बरा होतो आणि श्रेय पाकिटाला जातं. आणि घशात खरोखरच परमा, म्हणजे गोनोरिया, असेल तर या अर्धवट औषधाने तो जाण्याची खात्री नाही. जंतू मात्र औषधाला सरावतात.

या दुखण्याची खरी अडचण अशी की घसा हा भरवशाचा साक्षीदार नाही. घशातला परमा बहुतेकांना जाणवतही नाही. ना दुखत, ना ताप. मुखमैथुनातून लागलेल्या गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, चट्टा ओठावर किंवा जिभेवर साधारण तीन आठवड्यांनी उमटतो, तोही सहसा न दुखणारा, आणि काही आठवड्यांत औषधाशिवाय नाहीसा होतो. चट्टा गेला तरी रोग आतच राहतो. उलट रात्रीच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच सकाळी ठणकू लागलेल्या घशाचा त्या रात्रीशी बहुधा संबंध नसतो, कारण या जंतूंना इतकं झटपट काम येत नाही. तेव्हा घसा दुखतो म्हणून मरणाची वाट बघायची आणि थांबला म्हणून निश्चिंत व्हायचं, दोन्ही तितकंच खुळेपणाचं.

एचआयव्हीची धास्ती सगळ्यांत मोठी, म्हणून तिचं माप सांगायला हवं. केवळ मुखमैथुनातून एचआयव्ही लागण्याचा धोका अगदी कमी असतो. तोंडात जखमा असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो वाढतो, आणि इथे आपला खर्रा आडवा येतो. चुना-सुपारी-तंबाखूने गाल आतून सोललेल्या माणसाने 'तोंडाला काय होतंय' असं म्हणू नये. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण गुप्तरोगाचा असो की खर्ऱ्याने दिलेल्या कॅन्सरचा, दाखवायलाच हवा. नव्याने लागण झाली की दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं काही होऊ शकतं हे खरं. पण साध्या व्हायरलमध्येही तेच होतं. त्यामुळे लक्षणं जुळवत रात्री जागवून हाती काही लागत नाही. उत्तर रक्ताच्या तपासणीतच मिळतं, आणि तीही योग्य वेळी करावी लागते. आधी केलेली निगेटिव्ह निघाली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यायची.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. अमरावतीत इर्विन आहे, अकोल्यात सर्वोपचार आहे. तरीही अमरावतीचा माणूस अकोला गाठतो आणि अकोल्याचा अमरावती, कारण आपल्या गावच्या रांगेत कुणीतरी 'काय भाऊ, इकडं कुठं?' विचारणार. याच दोन जिल्ह्यांमधल्या महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विश्वविक्रम झाला. त्याचा एक उपयोग असाही होत असावा, हे विक्रमवाल्यांच्या ध्यानी आलं नसेल.

लाजेला कायद्याचीही साथ होती. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली मुखमैथुन हा गुन्हा होता, अगदी संमतीने झालेला, नवरा-बायकोतला असला तरी. म्हणजे डॉक्टरला खरं सांगणं हा कबुलीजबाबच ठरला असता. त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले आणि लगोलग १० सप्टेंबरला एचआयव्ही-एड्स कायदा अमलात आला. रुग्णाच्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि त्याची माहिती फोडायची नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. कायदा सुधारला, केसपेपर मात्र जुनाच राहिला. गुप्तरोगांवर आपल्याकडे लक्षणांवरून उपचार होतात: स्राव आहे का, व्रण आहे का, जांघेत गाठ आहे का, त्याप्रमाणे ठरलेल्या रंगाचं औषधांचं किट. राखाडी किटमध्ये ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम असतं. पद्धत स्वस्त आहे, खेड्यापर्यंत पोचते. पण ती लक्षण बघते आणि घशाला बहुधा लक्षणच नसतं. मग घशाची विचारपूस करणार कोण?

ही विचारपूस किती गरजेची आहे हे २०१८ साली ब्रिटनमध्ये दिसलं. दक्षिण-पूर्व आशियात संबंध आलेल्या एका पुरुषाचा परमा ठरलेल्या औषधांना दाद देईना. इंजेक्शन दिल्यावर लघवीच्या जागेची तपासणी निगेटिव्ह आली, पण घशातला जंतू तसाच होता. तो हटवायला अखेरच्या फळीतलं प्रतिजैविक शिरेतून द्यावं लागलं. तिथे घशाचा स्वॅब घेतला म्हणून हे कळलं. आपल्याकडे त्या माणसाला 'बरा झाला' असं लिहून घरी पाठवलं असतं.

महाराष्ट्राला या विषयावर बोलायला लावणारा माणूस होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि वाचकांच्या खासगी शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. त्या उत्तरांपायी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले आणि दंड भरून पुन्हा अंक काढू लागले. आज त्याच शंकांची उत्तरं एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' अशा अक्षरांत चिकटवलेली असतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कर्व्यांवर झाला तसा खटला या भिंतींवर का होत नाही?

या सगळ्यात बाईची बाजू कुणी विचारतही नाही. नवरा मेडिकलमधून गोळी घेऊन मोकळा होतो. तिला ना काही सांगितलेलं असतं, ना औषध दिलेलं. दोघांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर रोग एकमेकांकडे फिरत राहतो, आणि तो गर्भाशयापर्यंत पोचला तर मूल न होण्याचा बोल मात्र तिच्याच माथी येतो.

डॉक्टरांकडे एकच मागणं आहे: संबंधाची चौकशी करताना 'तोंडाचाही आला का?' हे सगळ्यांना सरसकट, नजर न बदलता विचारा. आणि ज्याला ही भीती आत्ता छळते आहे त्याने १०९७ वर फोन करावा. तो फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. संबंध होऊन अजून ७२ तास झाले नसतील तर फोनवरही थांबू नये. एचआयव्ही टाळण्याच्या २८ दिवसांच्या गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्या या मुदतीच्या आतच सुरू कराव्या लागतात.