कंसातलं ‘ऐच्छिक’

शाळेत ऐच्छिक विषयाचं काय होतं ते प्रत्येक मास्तर-बाईंना ठाऊक असतं. कुणाची रजा निघाली की पहिला तास त्याचाच बुडतो. आज हे आठवायचं कारण म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. मुलांमधले आजार नि व्यंगं वेळीच हुडकण्याची ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ ला सुरू झाली, तीही पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. यादीत तीस दुखणी. शेवटच्या ओळीत जन्मजात थायरॉइडची कमतरता, सिकलसेल, थॅलेसेमिया. पुढे कंस, आणि कंसात ‘ऐच्छिक’!

सिकलसेलकडे २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेमुळे निदान लक्ष तरी गेलं. थायरॉइड मागेच राहिलं.

मंडळी, हे दुखणं मोठं फसवं. बाळ जन्मताना बहुधा धडधाकटच दिसतं, कारण पोटात असताना आईच्या रक्तातून त्याला थोडंफार मिळालेलं असतं. मग कावीळ रेंगाळते, शी घट्ट होते, बाळ नुसतं झोपून राहतं. आजी कौतुकाने सांगते, "गुणी आहे हो, रडतच नाही!" तेवढ्यात मेंदूच्या वाढीचे दिवस निघून जातात. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक स्वस्तातली गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं शिकतं. उशीर झाला तर गेलेलं पुरतं भरून येत नाही. आपल्या देशात साधारण हजारभर बाळांमागे एकाला हे असतं. ‘डोक्यात काही शिरत नाही’ एवढ्या शेऱ्यावर शाळा सोडलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांच्यातल्या एकाचं तरी रक्त तान्हेपणी कुणी तपासलं होतं का?

अमेरिकेत पुतणीला बाळ झालं तेव्हा त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले, कागद वाळवला आणि पाकिटातून प्रयोगशाळेत गेला. तुम्ही म्हणाल, बाई, धसई म्हणजे अमेरिका नव्हे. नसू दे. केरळ तर आपल्याच देशात आहे ना? तिथे सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते. गोव्यानेही २००८ साली सुरू केली होती, टिकवली मात्र नाही. आणि धसईचं म्हणाल तर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून टीव्हीवाले इथे येऊन गेले. कार्ड घासायची यंत्रं दुकानादुकानांत पोचली. तेव्हा बरं कुणाला आडगाव आठवलं नाही!

माणसं नाहीत, ही सबबही मला पटत नाही. रक्त ४८ तासांनंतर घेतलेलं बरं, आणि बाळंतीण तोवर घरी गेलेली असते, हे खरं. पण तिसऱ्या दिवशी आशाताईंनी घरी जायचं हा नियमच आहे. मलेरियासाठी बोट टोचून काचपट्टी त्या घेतातच. टाच टोचायला त्यांना नीट शिकवा, वर वेगळा मोबदला द्या (फुकट राबवून घेऊ नका, आधीच फार राबवलंय). दर ९ तारखेच्या गरोदर बायांच्या तपासणीत आईला हे समजावून ठेवा. निकाल मात्र आठवड्याच्या आत घरी पोचला पाहिजे. वाडीवर फोनला रेंज नसली तर निरोप आशाताईंच्याच हाती द्यावा.

पुढच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहून ठेवलाय, दीड ओळीचा: थायरॉइड आणि सिकलसेलपुढचा ‘ऐच्छिक’ हा शब्द काढावा, व तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी. नातेवाइकांपैकी कुणाची मंत्रालयात ओळख असेल तर हा कागद कुठल्या टेबलावर न्यायचा तेवढं कळवा. एस.टी.ने मी स्वतः घेऊन जाईन.