एक किलो, एक सेंटीमीटर

7 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये मीराबाई चानूचे ऑलिंपिक पदक एका किलोने हुकले. तिने एकूण 199 किलो उचलले. कांस्यपदक 200 किलोंना मिळाले. त्याआधी 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचे सुवर्णही एकाच किलोने गेले होते. स्नॅचमध्ये 113 किलो उचलून तो सहा किलोंनी पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये 139 किलो पेलताना त्याचे कोपर दुखावले आणि 248 विरुद्ध 249 असा निकाल लागला.

अशा प्रसंगी आपली चर्चा जिद्द, नशीब आणि ताकद या तीन शब्दांपलीकडे जात नाही. ‘जरा ताकद कमी पडली’ हे वाक्य तर सर्वमान्य निदान होऊन बसले आहे. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते मान्य नाही.

अकरावीचा हिशेब करून पाहा. समजा, स्नॅचमध्ये 88 किलोचा बार 90 सेंटीमीटर वर न्यावा लागतो. तेवढ्याच ऊर्जेत 89 किलोचा बार 89 सेंटीमीटर वर जातो. म्हणजे खेळाडू बारखाली एक सेंटीमीटर अधिक खोल बसू शकला, तर एक किलो जवळजवळ फुकट मिळतो. हिशेब ढोबळ आहे, त्यात वेग धरलेला नाही. पण दिशा चुकीची नाही. याच्या उलटही घडते. 100 किलोचा बार शरीरापासून पाच सेंटीमीटर पुढे सरकला, की कंबरेवर सुमारे 49 न्यूटन-मीटर जादा टॉर्क येतो. पदक देत नाही, दुखणे मात्र देतो, असा हा भार.

‘आधी ताकद, मग तंत्र’ हा क्रमच म्हणून फसवा आहे. ताकदीवाचून तंत्र पोकळ, हे निर्विवाद. स्क्वॉट्सना पर्याय नाही. परंतु चुकीच्या मार्गाने हजार वेळा उचललेले वजन ताकदीबरोबर ती चूकही पक्की करते. म्हणून रिकाम्या बारवरचा सराव ही नवशिक्यांची शिक्षा नसून जाणत्यांचीही रोजची गरज आहे.

मीराबाईचाच प्रवास पाहा. 2016 साली रिओमध्ये क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न वाया गेले. 2020 मध्ये तिने अमेरिकेत जाऊन खांद्यांच्या असमतोलावर काम केले. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला 119 किलोंचा विश्वविक्रम झाला, आणि त्याच वर्षी टोकियोत 202 किलोंसह रौप्य. श्रेय एकट्या उपचारांचे नव्हे. पण दोष नेमका कुठे आहे, हे शोधल्याचे फळ दिसते.

मी बेंगळुरूत राहतो. येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि भारतीय विज्ञान संस्थाही आहे. अवकाशयानाच्या कक्षेविषयी आपण जितक्या अभिमानाने बोलतो, तितक्या कुतूहलाने बारच्या मार्गाविषयी का बोलू नये? त्यासाठी महागडी प्रयोगशाळाच हवी असेही नाही. बाजूने स्थिर ठेवलेला मोबाइल, अंतराच्या मापासाठी बारच्या 45 सेंटीमीटर व्यासाच्या चकत्या आणि आलेख काढणारा एक विद्यार्थी, एवढे सांगलीच्या कोणत्याही व्यायामशाळेत जमेल.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, आपल्या गावातील व्यायामशाळेत एकदा जा. वजन उचलायला नव्हे, मोजायला. पुढचे कोपर वाचले, तर तेही विज्ञानाचेच यश असेल.