छर्ऱ्याची बंदूक आणि दुरुस्तीचा प्रश्न

जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर मांडलेली छर्ऱ्याची बंदूक महाराष्ट्रात बहुतेकांनी एकदा तरी हाताळलेली असते. नळी मोडून खाली ओढायची, छर्रा भरायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा, एवढेच तिचे शास्त्र. या ओळखीमुळेच एअरगन म्हणजे पोरासोरांचे खेळणे, असा समज आपल्याकडे रूढ झाला. वस्तुतः १९८४ साली लॉस एंजेलिस येथे दहा मीटर एअर रायफलला आणि १९८८ साली सोल येथे एअर पिस्तुलाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, तेव्हाच हे खेळणे प्रौढ झाले होते. भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी मिळविले, तेही एअर रायफलनेच. सिडनीत २००० साली अंजली भागवत आणि अथेन्समध्ये २००४ साली सुमा शिरूर यांनी याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली होती. २०२२ साली कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता ठरला. या बंदुकीची रचना आज झपाट्याने बदलत आहे, आणि त्या बदलाचा लाभ कोणाच्या पदरी पडणार, हा प्रश्न महाराष्ट्राला परका मानता येणार नाही.

हा बदल समजण्यासाठी शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे. जत्रेतील बंदुकीत एक जाड स्प्रिंग असते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्या हवा दाबतो आणि दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. मात्र छर्रा नळीत असतानाच जड दट्ट्या पुढे आदळतो आणि बंदूक हिसका खाते. फुगा फोडण्यास हा दोष आड येत नाही. पण स्पर्धेतील रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणून १९६० च्या दशकात फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने बंदुकीची यंत्रणाच रुळांवर सरकणारी केली, जेणेकरून हिसका नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचू नये. पुढे तरफेच्या एका दमात हवा साठविणाऱ्या रायफली आल्या. त्यांत हिसका उरला नाही. पण ती जड तरफ प्रत्येक नेमापूर्वी ओढताना कोवळ्या वयाच्या खेळाडूची दमछाक होई. कर्बवायूच्या सिलिंडरांनी हा त्रास वाचविला, तर त्यांचा दाब खोलीच्या उष्णतेबरोबर वरखाली होऊ लागला. अखेर सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशेपट दाबाची हवा आधीच भरून ठेवलेले सिलिंडर रूढ झाले. सिलिंडरातील दाब प्रत्येक छर्ऱ्यागणिक उतरतो. पण नियामक नावाचा छोटा भाग झडपेकडे जाणारी हवा एकाच दाबाची राखतो. त्यामुळे पहिला आणि साठावा छर्रा जवळजवळ सारख्याच वेगाने, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, बाहेर पडतो.

दोन वाटा

येथून पुढे एअरगनच्या दोन वाटा फुटल्या आहेत. एक वाट शक्तीची. अमेरिकेत मोठ्या व्यासाच्या एअर रायफली हरणासारख्या प्राण्यांच्या शिकारीसाठी विकल्या जातात. त्यांची ऊर्जा शेकडो ज्यूल असते. कार्बन तंतूंनी गुंडाळलेल्या हलक्या टाक्यांमुळे ३०० बार दाबाची हवाही आता खांद्यावर वाहून नेता येते. दुसरी वाट स्थैर्याची. स्पर्धेतील रायफलचा छर्रा अवघ्या अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. ती वाढविण्याची कोणाला इच्छाही नाही. येथे सारी धडपड आहे ती प्रत्येक वेळी तंतोतंत तेच घडावे यासाठी. २०१३ पासून रायफलच्या पात्रता फेरीत दशांश गुण मोजले जातात. एका छर्ऱ्याला अधिकाधिक १०.९, म्हणजे साठ छर्ऱ्यांना ६५४ गुण. पूर्वी जेथे दहा म्हणजे दहा होते, तेथे आता १०.१ आणि १०.६ यांतील अंतर माणसाला अंतिम फेरीबाहेर ठेवू शकते.

या दशांशांच्या मागे लागूनच पुढची रचना आकार घेत आहे. साध्या चापात पोलादाचे छोटे खटके एकमेकांवर घासत सुटतात. विजेवर चालणाऱ्या चापात बोट केवळ एक कळ दाबते आणि पुढचे काम विद्युतचुंबक करतो. स्पर्धेच्या पिस्तुलांत असे चाप काही दशकांपासून आहेत. आता काही एअर रायफलींत हवेची झडपसुद्धा इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या ताब्यात गेली आहे. छर्ऱ्याचा वेग मोजणारे साधन बंदुकीतच बसवून त्यानुसार झडप किती क्षण उघडी ठेवावी हे ठरविता येते. लाकडी दस्त्यांची जागा ॲल्युमिनियमच्या, सर्व बाजूंनी जुळवून घेता येणाऱ्या दस्त्यांनी घेतली आहे. हाताचे माप घेऊन त्रिमितीय छपाईने पिस्तुलाची मूठ घडविता येते. चौदा वर्षांची मुलगी आणि सहा फूट उंचीचा जवान यांना एकच रायफल आपापल्या अंगाप्रमाणे बेतता यावी, ही सुधारणा तर मनापासून स्वागतार्ह आहे.

परंतु प्रत्येक नव्या सोयीबरोबर एक नवे परावलंबनही येते. स्पर्धेसाठी मान्य असलेल्या बंदुका प्रामुख्याने जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांतून येतात. त्यांची किंमत लाखांच्या घरात असते. स्प्रिंगची बंदूक बिघडली तर गावचा हुशार फिटरही ती उघडून पाहू शकतो. विद्युत-मंडल बिघडले तर नेमबाजाला परदेशी सुट्या भागाची वाट पाहावी लागते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच्यामागे देशाची यंत्रणा उभी होती आणि तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके जिंकून त्या दिवसाची भरपाई केली. जिल्ह्याच्या क्लबात उसन्या पिस्तुलावर सराव करणाऱ्या कारकुनाच्या मुलीचे पिस्तूल निवड-चाचणीच्या आदल्या दिवशी बंद पडले, तर तिने कोणाकडे पाहावे? तिचे ते वर्ष वाया जाते आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

इतिहासाचा दाखला

उत्तम रचना आणि तिची निगा राखणारे हात यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा दाखला एअरगनच्याच इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरांदोनी नावाच्या कारागिराने घडविलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारली होती. इतर देशांचे शिपाई एकेक गोळी नळीत ठासत असताना या रायफलीत वीसएक गोळ्या एकदम भरता येत. धूर नाही, पावसात दारू भिजण्याचे भय नाही. तरीही काही दशकांतच ती सैन्यातून नाहीशी झाली. तिची हवेची टाकी नाजूक होती. ती भरण्यास पंपाचे सुमारे दीड हजार हिसडे लागत आणि दुरुस्तीसाठी लागणारे कुशल कारागीर पलटणींजवळ पुरेसे नव्हते. यंत्र काळाच्या पुढे होते. पण त्याची निगा राखण्याची व्यवस्था मागे राहिली.

महाराष्ट्रात हे चित्र उलटे करणे शक्य आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसचा कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे हे तिन्ही नेमबाज कोल्हापूर जिल्ह्याचे. त्यांचे विशेष नैपुण्य एअरगनव्यतिरिक्त इतर प्रकारांत असले, तरी नेमबाजीची पहिली पायरी बहुतेकांसाठी एअरगनच असते. त्याच कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, जेथे ओतकाम आणि लेथकाम यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नेमबाज आहेत, कारागीरही आहेत. दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था तेवढी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि तंत्रनिकेतनांत नियामक, झडपा आणि इलेक्ट्रॉनिक चाप यांच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करणे काही अवघड नाही. स्पर्धेच्या दर्जाची नळी आणि एकसारखे छर्रे घडविण्यास तर केवळ यंत्र पुरत नाही, कसून तपासणी लागते. देशात एअरगन बनविणारे कारखाने आहेत. त्यांचा माल क्रीडासंघटनांनी निःपक्षपातीपणे तपासून प्रमाणित केला, तर नवशिक्याला परदेशी मालाचीच वाट पाहावी लागणार नाही.

हवा भरण्याचा प्रश्नही असाच दुर्लक्षित आहे. पावसाळ्यातील दमट हवा २०० बारपर्यंत दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते सिलिंडराला आतून गंजवू शकते. म्हणून कोकण आणि सह्याद्रीच्या कुशीतील क्लबांना हवा कोरडी करणारी गाळणी बसविलेला कॉम्प्रेसर ही चैन नसून सुरक्षिततेची गरज आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडरचे आयुष्य अधिकाधिक दहा वर्षे धरले जाते. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून आनंदणाऱ्या संस्थेने त्यावरील तारीख आधी वाचली पाहिजे. मुदत संपलेले सिलिंडर गालाशी धरून मुलांना नेम शिकविणे हा गुन्हेगारी निष्काळजीपणा होय.

कायदा आणि शिसे

शक्तीच्या वाटेकडे मात्र कायद्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या व्यासाच्या एअरगनला परवाना लागतो. रचना स्थिर होती तोवर ही रेषा पुरेशी होती. आता स्क्रू फिरवून, नियामकाचा दाब बदलून किंवा विद्युत-मंडलाला दिलेल्या आज्ञेने एकाच बंदुकीची ऊर्जा कमीजास्त करता येते. तेव्हा दुकानात मोजलेली ऊर्जा घरी गेल्यावर तेवढीच राहील याची हमी काय? ऊर्जा बदलणारा भाग कारखान्यातच मोहोरबंद करणे आणि नमुन्यादाखल तपासणी करणे, हे दोन उपाय रचनेच्या वेगाबरोबर चालू शकतील. कायद्याच्या मर्यादेतील बंदूकही पाखरांचा जीव घेते, हे विसरून चालणार नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली सुरू झालेल्या मोहिमेत गावकऱ्यांनी हजाराहून अधिक एअरगन स्वेच्छेने सरकारजमा केल्या, कारण त्यांच्या रानातून पक्ष्यांचे आवाज कमी होत चालले होते. नेमबाजीचा प्रसार करू इच्छिणाऱ्यांनी या मोहिमेला विरोधक न मानता सोबती मानावे.

छर्ऱ्याचा धातूही वादात आला आहे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छर्ऱ्यांच्या काडतुसांचा वापर बंद आहे. बंदिस्त रेंजवरील एअरगन या निर्बंधात येत नाही; तथापि साठ छर्ऱ्यांच्या एका स्पर्धेत एक नेमबाज तीस ग्रॅमहून अधिक शिसे हाताळतो, आणि शिसे मुलांच्या शरीरास घातक आहे याविषयी आता वाद उरलेला नाही. कथील आणि जस्त यांचे छर्रे मिळू लागले आहेत. ते हलके आणि कठीण असल्याने नळीच्या आट्यांत मऊ शिशासारखे बसत नाहीत. अचूकतेत ते शिशाची बरोबरी कधी करतील, यावर उद्याच्या नळ्यांची घडण पुष्कळशी अवलंबून राहील. तोपर्यंत सरावानंतर साबणाने हात धुणे आणि रेंजवर खाणे टाळणे, एवढी शिस्त तरी प्रत्येक शाळेने लावावी. ज्या शाळांना हेही झेपणार नाही त्यांनी लेझरपासून आरंभ करावा. आधुनिक पेंटॅथलॉनने लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तूल सोडून लेझर पिस्तूल स्वीकारले. तेथे ना छर्रा, ना सिलिंडर. स्थिर उभे राहणे, श्वास आवरणे आणि चाप हळुवार दाबणे, हे तिन्ही धडे त्यावर गिरविता येतात.

एअरगनची रचना उद्या कोठे जाईल, हे जर्मनीतील किंवा ऑस्ट्रियातील कारखाने ठरवितील. त्यावर महाराष्ट्राचा ताबा नाही. मात्र ती रचना येथे आल्यावर कोणाच्या हाती टिकेल, हे ठरविणे सर्वस्वी महाराष्ट्राच्या हाती आहे. खेळाच्या अंदाजपत्रकात बंदुकांच्या खरेदीसाठी तरतूद होते, तेव्हा तिच्या शेजारी दुरुस्तीचे बाक, कोरडी हवा आणि प्रशिक्षित कारागीर यांसाठीही रक्कम दिसली पाहिजे. अन्यथा दर काही वर्षांनी नव्या रायफली येतील, त्यांची छायाचित्रे छापून येतील, आणि पहिल्या बिघाडानंतर त्या कपाटात जाऊन बसतील. मुले मात्र पुन्हा रांगेत उभी राहतील.