इंजिन जुनं, पेट्रोल नवं

शिडाची होडी म्हटली की आपल्या गोव्यातल्या माणसाला 'म्हादेई' आणि 'तारिणी' आठवतात. दोन्ही दिवाडीला बांधलेल्या, दोन्ही पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या. त्यामुळे शीड म्हणजे वारा आणि वारा म्हणजे फुकटचा प्रवास, असा आपला एक गोड समज असतो. प्रत्यक्षात शिडाच्या होडीलाही इंजिन लागतं. वारा पडला, धक्क्याला लागायचं असलं, ओहोटीच्या ओढीविरुद्ध नदीच्या मुखातून आत शिरायचं असलं, की शीड उतरवून इंजिनच सुरू करावं लागतं. नेमकं तेव्हाच ते बंद पडलं तर होडी खडकावर जाते.

अमेरिकेतल्या हौशी नाविकांमध्ये 'अ‍ॅटॉमिक फोर' नावाचं एक पेट्रोल इंजिन प्रसिद्ध आहे. नाव ऐकून घाबरू नका, अणूशी त्याचा काडीचाही संबंध नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी युनिव्हर्सल मोटर कंपनीने ते १९४७ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवलं. चार सिलिंडर, तीस हॉर्सपॉवर, एकूण सुमारे ४०,००० नग. पिअर्सन, टार्टन, कॅटालिना असल्या कंपन्यांच्या कितीतरी होड्यांत हेच बसवलेलं असे. पुढे डिझेल इंजिनं आली आणि याचा काळ संपला. तरी आजही हजारो होड्यांच्या पोटात ते धडधडतं आहे.

या इंजिनाच्या मालकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काढून टाका आणि डिझेल बसवा. दुसरा म्हणतो, पन्नास वर्षं चाललंय ना, मग हात लावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. डिझेल बसवण्याचा खर्च कित्येकदा होडीच्या बाजारभावाहून जास्त होतो. आणि 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. इंजिन तेच असलं तरी त्याचं पेट्रोल आता ते राहिलेलं नाही.

अमेरिकेत २००६ च्या सुमारास पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळणं सर्रास सुरू झालं. रस्त्यावरच्या गाडीचं त्याने फारसं बिघडत नाही, कारण तिची टाकी आठवड्याला रिकामी होऊन भरते. होडीची टाकी महिनोन् महिने तशीच, तीही दमट हवेत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी पेट्रोल तळातूनच ओढते! शिवाय जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपातला पडदा इथेनॉलने मऊ पडतात, चिरतात. जुन्या फायबरग्लासच्या काही टाक्यांतलं रेझिनसुद्धा त्याने विरघळतं आणि तो चिकटा थेट इंजिनात जातो. पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल होडीत वापरायला तर तिकडे कायद्यानेच मनाई आहे.

म्हणजे दुरुस्ती करायची ती इंजिनाची नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी वाट नवी करायची. टाकी साफ करायची. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, खास होडीसाठी बनवलेल्या घालायच्या. टाकीनंतर पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या अलीकडे एक बारीक फिल्टर बसवायचा, कारण कार्ब्युरेटरमधली भोकं इतकी सूक्ष्म की गंजाचा एक कणही ती बुजवतो. आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या जागी इलेक्ट्रिक पंप.

हा शेवटचा भाग लोकांना फार आवडतो, आणि खरा धोका तिथेच आहे. जुना पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालायचा. इंजिन थांबलं की पंप थांबला. इलेक्ट्रिक पंपाला इंजिन चालू आहे की बंद, याची काही खबर नसते. चावी फिरवलेली आहे तोवर तो पेट्रोल ढकलतच राहतो. समजा इंजिन बंद पडलं, चावी तशीच राहिली आणि कार्ब्युरेटरमधली सुई कचऱ्याने अडकली, तर पेट्रोल बाहेर वाहून होडीच्या तळाशी साचतं. मोटारीखाली सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्यावर उडून जाते. होडीच्या तळाला बाहेर जायची वाटच नाही, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. मग एक ठिणगी पुरते.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. इंजिनातल्या तेलाच्या दाबावर चालणारा एक लहानसा स्विच पंपाच्या वायरीत घालायचा. स्टार्टर फिरला, तेलाचा दाब चढला की पंप सुरू. इंजिन थांबलं, दाब उतरला की पंप बंद. पंपही कार्ब्युरेटरला झेपेल इतक्याच दाबाचा घ्यायचा, फार तर चार पीएसआय. आणि तो होडीसाठीचाच, ठिणगी बाहेर न पडणारा. मोटारीच्या दुकानातला निम्म्या किमतीचा पंप तसाच दिसतो, पण तसा नसतो. एवढं सगळं करूनही, सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून तळातली वाफ बाहेर काढायची आणि मग नाकाने वास घेऊन खात्री करायची. चार मिनिटांची ही सूचना अमेरिकेत चावीजवळच लिहिलेली असते.

मी काही इंजिनवाला नव्हे. बी.ए. होऊन सरकारी कचेरीत चिकटलेला कारकून. आमच्या कचेरीत जुन्या वस्तूचे दोनच शेवट मला माहीत आहेत. एक तर ती वस्तू डेड स्टॉक रजिस्टरात वर्षानुवर्षं 'चालू स्थितीत' असते, किंवा मग एके दिवशी तिचं निर्लेखन होतं. मधली तिसरी वाट, म्हणजे जे खराब झालंय ते नेमकं ओळखून तेवढंच पण पूर्ण बदलणं, हिच्यासाठी रजिस्टरात रकाना नाही. अ‍ॅटॉमिक फोर सांभाळणाऱ्या लोकांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी. त्यांनी हा रकाना स्वतः आखून घेतला. मात्र त्यांच्यातही पंप बदलून स्विच विसरणारे असतात. अशी अर्धी सुधारणा काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे माणूस निर्धास्त होतो.

तुम्ही म्हणाल, ऑशकॉशच्या इंजिनाचं आपल्याला काय? आपल्याकडे पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ साली दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. अमेरिकेत होडीला मनाई असलेल्या प्रमाणाहूनही ते जास्त आहे. आपल्या पाग्यांच्या होड्यांना पेट्रोलवरच्या आउटबोर्ड मोटरी आहेत. पावसाळ्यात होडी चुडतांच्या खोपीत ओढून ठेवतात, मोटर घरी येते आणि तिच्या कार्ब्युरेटरात उरलेलं पेट्रोल दोन-तीन महिने कोंकणातली दमट हवा पीत बसतं. घरोघरच्या जुन्या स्कूटरींची तीच गत. जुन्या वाहनांत रबराचे काही भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच म्हटलं होतं, आणि हे काम स्वस्तात होतं असंही. स्कूटरीपुरतं ते खरं असेल. पण स्कूटर बंद पडली तर माणूस ढकलत गॅरेजपर्यंत नेतो. आग्वादच्या बाहेर मोटर बंद पडली तर कोणी कुठे ढकलायची?

इथेनॉलला माझा विरोध नाही. ऊस पिकवणाऱ्याला चार पैसे मिळत असतील आणि परदेशी तेल कमी लागत असेल तर चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की इंधन बदलायचा निर्णय ज्याने घेतला, त्याने त्याची माहिती किनाऱ्यापर्यंत पोचवावी. प्रत्येक पंपावर इथेनॉलचं प्रमाण मराठी-कोंकणीत ठळक लिहावं. होड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल धक्क्याजवळ मिळावं, जसं अमेरिकेतल्या अनेक धक्क्यांवर मिळतं. नळ्या आणि फिल्टर बदलायला मासेमारांना थोडा हात द्यावा. हे सगळं होईपर्यंत पागीभावांनी निदान एवढं करावं: पावसाळ्यात मोटर ठेवताना कार्ब्युरेटर पूर्ण रिकामा करावा, जुनी काळी नळी बोटाने दाबून बघावी, आणि ती चिकट लागली तर नारळी पुनवेआधीच बदलून टाकावी.