विचारपूस दारातच थबकू नये

परभणी जिल्ह्यातील ताडकळस घ्या, नाहीतर मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. घरात आजारपण आले, कोणाला अपघात झाला, की उंबरठा माणसांनी भरून जातो. भावकी येते, शेजारीपाजारी येतात, सोयरेधायरे एसटीने येऊन भेटून जातात. विचारपूस हा आपल्या समाजाचा जुना संस्कार आहे. मात्र ज्याने स्वतःच्याच हाताने स्वतःला इजा करून घेतली आणि जो वाचून घरी परतला, त्याच्या दाराशी हा संस्कार थबकतो. लोक कुजबुजतात, आत येत नाहीत. घरची मंडळीही ‘झाले ते झाले, आता विषय नको’ म्हणून गप्प राहतात. सोयरिकीची आणि घराण्याच्या नावाची चिंता मोठी होते आणि माणूस एकटा पडतो.

हा एकटेपणा जीवघेणा ठरू शकतो, कारण अशा प्रसंगानंतरचे काही महिने सर्वाधिक जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १८६७ जणांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज तासाभराचे मार्गदर्शन आणि दीड वर्षात नऊ वेळा दूरध्वनीने वा प्रत्यक्ष भेटीने संपर्क मिळाला. पहिल्या गटात २.२ टक्के जणांनी पुढे जीवन संपविले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. महागडे औषध नाही, यंत्रसामग्री नाही. नियमाने केलेल्या विचारपुशीचे हे बळ!

गावात आणखी एक भीती असते, ती पोलिसांच्या खटल्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने ३०९ वे कलम राहिलेलेच नाही. कायदा बदलला, आता समाजमनाने बदलावयाचे आहे.

स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचेच असते, असेही नाही. मनातील असह्य ताण हलका करण्याचा दुसरा मार्ग न सापडल्याने अनेक तरुण-तरुणी या वाटेला जातात. तो दुसरा मार्ग शिकता येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अशा रुग्णांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली. तीव्र भावना सोसण्याची आणि सावरण्याची कौशल्ये त्यात शिकविली जातात. झेन साधनेतील सजगतेचा त्यात मोठा वाटा आहे. आपणही तरुणपणी स्वतःला इजा करीत होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंतचा वेळ निभावणे हेच मुख्य कौशल्य. थंड पाण्याने तोंड धुणे, संथ श्वास घेणे, घराबाहेर पडून चालणे, कोणाला तरी हाक मारणे, हे उपाय साधे आहेत. मन शांत असताना ते कागदावर लिहून ठेवावेत. धोक्याची चाहूल कशाने लागते, कोणाकडे जायचे, कोणत्या डॉक्टरांना कळवायचे, हेही त्यावर असावे. शेतीची रसायने आणि घरातील औषधे दुसऱ्याच्या ताब्यात, कुलुपात ठेवावीत.

ही कौशल्ये शिकविताना त्याच वाटेवरून सुखरूप परतलेल्या माणसाचा शब्द अधिक पोहोचतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच कार्यकर्ते होऊन इतरांना हात देत आली आहेत. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच स्त्री-पुरुषांना ऐकून घेण्याचे व अडचणीतून वाट काढण्यास मदत करण्याचे प्रशिक्षण दिले. मात्र मर्यादाही पाळल्या पाहिजेत. सोबती हा डॉक्टर नव्हे. त्याच्या पाठीशी जाणकार समुपदेशक हवा. अशा बैठकीत इजा कशी केली याची वर्णने नकोत. कालचा कठीण दिवस कसा निभावला, याचे बोल हवेत. आणि सोबत्याला स्वतःलाच भार झाला, तर त्यालाही विसावा मिळावा.

ताडकळससारख्या गावात हे काम कोणी करावे? आशाताई, शिक्षक, बचत गटातील भगिनी आणि घरोघरी जाण्याची सवय असलेला प्रत्येक कार्यकर्ता ते करू शकतो. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न नको. ‘झोप लागते का? जेवलास का? उद्या येऊ का?’ एवढे पुरे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘होय’ असे आले, तर त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे.

सुतकात तेरा दिवस माणसे दाराशी बसतात. मृत्यूच्या दारातून परतलेल्यासाठी दीड वर्षात नऊ वेळा जाणे, हे आपल्या समाजाला जड का व्हावे?