संघ हरतो, तुम्ही कधी हरणार?

मेपल लीफ स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंटच्या मालक व संचालक मंडळींस,



पत्र मराठीत आहे. कचेरीत वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर संध्याकाळी युनियन स्टेशनवरून ब्रॅम्प्टनकडे सुटणाऱ्या गाडीत डोकावा. एखादा मराठी माणूस सापडेलच, आणि बहुधा तोही तुमच्यावर वैतागलेला असेल.

आम्ही या देशात आलो ते डोक्यात क्रिकेट घेऊन. हॉकी म्हणजे ध्यानचंद, एवढंच ठाऊक. बर्फावरची तुमची हॉकी अंगवळणी पडली ती मुलांच्या शाळेमुळे, शेजाऱ्यांमुळे आणि खरं सांगायचं तर शनिवार रात्रीच्या पंजाबी समालोचनामुळे. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ २००८पासून पंजाबीतही चालू आहे. त्यातली निम्मीअधिक भाषा आम्हाला कळते आणि उरलेला उत्साह न कळताही पोचतो. टोरांटोत राहायचं म्हणजे मेपल लीफ्सचं व्हायचं, हे ओघानं आलं. त्याबरोबर १९६७ हे सालही गळ्यात पडलं.

त्या वर्षी २ मे रोजी लीफ्सनी माँट्रियलला हरवून स्टॅनली करंडक जिंकला. तेव्हा लीगमध्ये सहा संघ होते, आज बत्तीस आहेत. त्यानंतर करंडक राहिला बाजूला, संघ एकदाही अंतिम फेरीत पोचलेला नाही. तो सामना झाला ते कार्लटन स्ट्रीटवरचं मेपल लीफ गार्डन्स अजून उभं आहे. आत लॉब्लॉजचं किराणा दुकान थाटलंय. फरशीवर एक लाल ठिपका आहे. बर्फाच्या मैदानाचा मध्यबिंदू तिथे होता. लोक त्याच्यावरून दूध-पावाच्या ट्रॉल्या ढकलत नेतात.

पण तुम्हाला जाब विचारायचा आहे तो १९६७चा नव्हे. तेव्हाचे मालक गेले, खेळाडू म्हातारे झाले. जाब आहे तो २०१७ ते २०२५ या सलग नऊ मोसमांचा. साखळीतले ब्याऐंशी सामने संपले की सात सामन्यांच्या मालिकांच्या चार फेऱ्या असतात. चारही मालिका जिंकणाऱ्याच्या हाती करंडक येतो. या नऊ वर्षांत लीफ्सनी मिळून दोन मालिका जिंकल्या: २०२३मध्ये टँपाविरुद्ध आणि यंदा ऑटवाविरुद्ध. दोन्ही पहिल्याच फेरीतल्या.

हरण्याचं दुःख असतंच, पण आम्हाला जाळतो तो हरण्याचा साचा. बोस्टनविरुद्ध २०१८मध्ये सातवा सामना गेला, २०१९मध्ये गेला, २०२४मध्ये पुन्हा गेला. कोलंबसविरुद्ध २०२०ची छोटी मालिका पाचव्या सामन्यात गेली. माँट्रियलविरुद्ध २०२१मध्ये ३-१ अशी आघाडी होती, तीही गेली. टँपाविरुद्ध २०२२मध्ये ३-२ने पुढे होतो, तिथेही तेच झालं. यंदा फ्लोरिडाविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून मालिका ४-३ने घालवली. २०१९पासूनचे हे सहा निर्णायक सामने घ्या आणि त्यांतले लीफ्सचे गोल मोजा: एक, शून्य, एक, एक, एक, एक. लीगमधले नावाजलेले नेमबाज ज्या संघात आहेत, त्या संघाचा हा धावफलक. ऑस्टन मॅथ्यूजनं २०२३-२४च्या साखळीत ६९ गोल मारले. त्याच वर्षी बोस्टनविरुद्ध एक खेळाडू जास्त असण्याची संधी संघाला एकवीस वेळा मिळाली आणि तिचं सोनं फक्त एकदा झालं. सहा वेळा एकच गोष्ट घडली, तर तिला दुर्दैव म्हणायला आमचं मन धजत नाही.

यंदाच्या १८ मेची रात्र घ्या. सातवा सामना, घरचं मैदान, साखळीत १०८ गुण मिळवून गटात अव्वल आलेला संघ. पहिल्या सत्रात गोल नाही. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडानं धडाधड तीन गोल मारले. तिसऱ्याच्या सुरुवातीला मॅक्स डोमीनं एक परत केला, स्टेडियम उठून उभं राहिलं, आणि मिनिट उलटायच्या आत फ्लोरिडानं चौथा घातला. पडद्यावर दिसत होतं: लोक उठले होते ते पुन्हा बसले नाहीत, सरळ जिन्याकडे चालू लागले. शेवटचा आकडा ६-१. चारच दिवसांपूर्वी पाचव्या सामन्यातही याच मैदानावर हाच आकडा होता, आणि त्या रात्री चिडलेल्यांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या होत्या. मुंबई क्रिकेटचा खडूसपणा बघत वाढलेल्या माणसाला हरणं समजतं. मोक्याच्या वेळी खांदे पाडणं समजत नाही.

आता खेळाडूंना सोडतो आणि तुमच्याकडे येतो.

या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. २०१८मध्ये जॉन टव्हारेसला सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख अमेरिकी डॉलर देऊन आणलंत. मागोमाग विल्यम नायलँडर, मॅथ्यूज आणि मिच मार्नर यांचे मोठे करार झाले. सव्वाआठ कोटीच्या आत असलेल्या मर्यादेतला जवळजवळ निम्मा पैसा या चौघांकडे गेला. मर्यादा वर्षागणिक वाढेल असा तुमचा हिशोब होता. कोविड आला आणि ती जागच्या जागी थिजली. तिथून पुढे पंगतीत चौघांच्या पानात श्रीखंड आणि बाकीच्यांच्या वाटीत ताक, अशी गत झाली. झॅक हायमनसारखा कष्टाळू, गोलजाळ्यासमोर मार खात उभा राहणारा खेळाडू २०२१मध्ये एडमंटनला गेला. तिथे २०२३-२४मध्ये त्यानं ५४ गोल मारले आणि संघासोबत अंतिम फेरीही गाठली. आपल्याला निर्णायक सामन्यात नेमका असाच माणूस हवा होता.

चूक कुणाचीही होते. कोविड तुम्ही आणला नव्हता. प्रश्न आहे तो चूक दिसल्यावर काय केलंत हा. २०१८पासून तीन प्रशिक्षक आणि दोन महाव्यवस्थापक झाले, पण चौघे मात्र तेच राहिले. आणि जेव्हा बदलाची खरी वेळ आली, तेव्हा तुम्ही घरातलीच भांडणं काढून बसलात. २०२३च्या मे महिन्यात महाव्यवस्थापक काइल डुबस यांना निरोप दिलात. महिन्याच्या अखेरीस ब्रॅड ट्रेलिव्हिंग आले. १ जुलैला मार्नरच्या करारातलं कलम लागू झालं: यापुढे त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे धाडता येणार नाही. ती तारीख करारात चार वर्षं आधीपासून लिहिलेली होती. नव्या माणसाच्या हाती तुम्ही एक महिना ठेवलात. परिणाम आता समोर आहे. यंदाच्या मोसमात १०२ गुण मिळवणारा, टोरांटोच्या परिसरातच लहानाचा मोठा झालेला मार्नर आठ वर्षांच्या करारावर व्हेगासला गेला, आणि बदल्यात आपल्याला मिळाला एकटा निकोला रॉय.

इथे आमच्यातल्या काहींनाही दोन शब्द. त्या पोरानं पळ काढला म्हणून समाजमाध्यमांवर त्याच्या घरच्यांपर्यंत शिव्या पोचवणाऱ्यांनी जरा थांबावं. त्यानं करारात लिहिलेला हक्क वापरला. तो हक्क त्याला देणारे आणि तारीख विसरणारे वेगळे आहेत, आणि त्यांना कुणी शिव्या घालत नाही, कारण त्यांचे चेहरे पडद्यावर दिसत नाहीत.

कठोर निर्णय घेणं तुम्हाला जमत नाही, असं मी म्हणणार नाही. जमतं. बास्केटबॉलचा रॅप्टर्सही तुमचाच संघ आहे आणि त्याच स्टेडियममध्ये खेळतो. २०१७-१८मध्ये त्यानं साखळीत ५९ सामने जिंकले, तेव्हापर्यंतचा संघाचा विक्रम. पण प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडनं तिसऱ्या वर्षी पुन्हा बाहेर काढलं. त्यावर तुमच्या माणसांनी प्रशिक्षक ड्वेन केसींना काढलं. ‘सर्वोत्तम प्रशिक्षक’ हा त्या मोसमाचा पुरस्कार त्यांना नंतर मिळाला. सगळ्या शहराचा लाडका डिमार डिरोझन देऊन क्वाय लेनर्डला आणलं. लोक हळहळले, तुमच्यावर चिडले. पुढच्याच जूनमध्ये रॅप्टर्स विजेते झाले. एकाच छताखाली एका संघाबाबत दहा आठवडे पुरले आणि दुसऱ्याबाबत नऊ वर्षं कमी पडली.

फरक का पडला, याचं माझं उत्तर साधं आहे: लीफ्स हरले तर तुमचं काही बिघडत नाही. फोर्ब्सच्या २०२४च्या यादीत हा लीगमधला सर्वांत मौल्यवान संघ होता. याच महिन्यात रॉजर्सनं आपल्या सहमालक बेलचा साडेसदतीस टक्के हिस्सा ४७० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतला आणि कंपनीतला आपला वाटा पाऊणावर नेला. म्हणजे सातवा सामना ६-१ने घालवूनही मालाचा भाव चढाच. दुसऱ्या शहरात खुर्च्या रिकाम्या पडतात, मग मालकाला झोप येत नाही. टोरांटोत खुर्च्या भरतातच, आणि आत जागा न मिळालेले बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर उभे राहतात. आमचं हे प्रेम तुम्ही ठेवीसारखं धरून बसलात आणि व्याज खात आलात.

अध्यक्ष ब्रेंडन शॅनाहन अकरा वर्षांनी मे महिन्यात गेले आणि त्यांच्या जागी कुणी नेमणार नाही, असं तुमच्या कंपनीचे प्रमुख कीथ पेली यांनी जाहीर केलं. ठीक. पण मग पुढच्या मे महिन्यात आम्ही विचारायचं कुणाला?

म्हणून मागण्या तीनच.

एक: हॉकीच्या निर्णयांचा शेवटचा शब्द कुणाचा, हे नावानिशी जाहीर करा, आणि त्या व्यक्तीनं मोसम संपल्यावर पत्रकारांसमोर बसून उत्तर द्यावं. प्रशिक्षकाला पुढे करून मागच्या दारानं जाऊ नये.

दोन: मॅथ्यूजचा करार २०२८मध्ये संपतो. त्याचं काय करायचं ते त्याच्याशी बोलून वेळेवर ठरवा. राहणार असेल तर त्याच्याभोवती हायमनसारखी माणसं उभी करा. जाणार असेल तर हातात काही पडेल अशा वेळी जाऊ द्या. पुन्हा एकदा १ जुलै उजाडल्यावर जागे होऊ नका.

तीन: मालिका हरलेल्या वर्षी तिकिटांचे दर वाढवू नका. रकमेच्या दृष्टीनं तुम्हाला ही गोष्ट क्षुल्लक आहे, हे मला कळतं. पण पराभवाची किंमत एकदा तरी तुमच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिली जाऊ दे. ज्या दिवशी सातवा सामना हरणं मालकांनाही महाग पडेल, त्या वर्षी निर्णय जुलैची वाट बघत बसणार नाहीत, याची मला खात्री आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा येऊ, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुमची सगळी बेफिकिरी त्यावरच उभी आहे. यंदा फक्त एवढं लक्षात ठेवा की येणारे आता तारखाही पाठ करून येतील.

कळावे. लोभ असावा, असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. लोभ आहेच, तो घालवायचा तुम्ही पुष्कळ प्रयत्न करून पाहिलात.

आपला,
निळ्या-पांढऱ्या जर्सीतला एक मराठी प्रेक्षक
ब्रॅम्प्टन, जुलै २०२५