तर्काचे वय आणि श्रद्धेचे कुंपण

सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवणे हे शिक्षकी पेशातील अत्यंत कष्टाचे काम होय. बालपणीचा आज्ञाधारकपणा सरलेला असतो आणि प्रौढपणाची समज अद्याप आलेली नसते. या वयाची मुले उलट उत्तरे देतात, मोठ्यांच्या बोलण्यातील विसंगती नेमकी पकडतात आणि क्षुल्लक गोष्टींवरून वाद घालतात. बहुतेक शाळा या वृत्तीकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहतात. अमेरिकेतील ‘अभिजात ख्रिस्ती शिक्षण’ या चळवळीने मात्र तीच वृत्ती अभ्यासक्रमाचा पाया मानली आहे. चळवळीची धार्मिक भूमिका ज्यांना मान्य नाही, त्यांनीही या विचाराची दखल घेतली पाहिजे. आणि हा विचार ती कोठवर नेते, हेही तपासले पाहिजे.

चळवळीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. गुप्तहेरकथांच्या लेखिका आणि दान्तेच्या अनुवादक डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे एक व्याख्यान दिले. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही विद्यात्रयी शिकवली जाई. सेयर्स यांनी ती मुलांच्या वाढीच्या तीन अवस्थांना जोडली : लहानपणी पाठांतर, मधल्या वयात तर्क आणि किशोरावस्थेच्या उत्तरार्धात अभिव्यक्ती. आपली बालमानसशास्त्रविषयक मते शास्त्रसंमत नाहीत, स्वतःच्या बालपणाच्या निरीक्षणातून आली आहेत, ही कबुली त्यांनी प्रांजळपणे दिली होती. आपल्या सूचना कोणी अमलात आणील, अशी आशाही त्यांना नव्हती. परंतु १९८१ साली आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी डग्लस विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगोस’ ही शाळा काढली. १९९१ साली विल्सन यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. आणि आज अमेरिकेत अशा शेकडो शाळा उभ्या आहेत. घरीच मुलांना शिकवणाऱ्या हजारो कुटुंबांनीही हाच क्रम स्वीकारला आहे.

या क्रमातील मधला टप्पा सर्वांत लक्षणीय आहे. बारा-तेरा वर्षांचा विद्यार्थी येथे लॅटिन व्याकरण शिकतो, आकारिक तर्कशास्त्राचे नियम अभ्यासतो, जाहिरातींतील व भाषणांतील हेत्वाभास ओळखतो. काही ठिकाणी तो जगाचा नकाशा स्मरणाने काढतो, तर कोठे अभिरूप न्यायालयात वकिलाची भूमिका वठवतो. सेयर्स यांनी व्याख्यानात एका गावातील सरीचे उदाहरण दिले होते. सर अशी पडली की रस्त्याची एक बाजू भिजली आणि दुसरी कोरडी राहिली. तर मग ‘गावात पाऊस पडला’ असे म्हणता येईल काय? किती थेंब पडले म्हणजे पाऊस? ज्या शिक्षकाने सातवीच्या वर्गात असा वाद एकदा जरी रंगू दिला असेल, त्याला या पद्धतीचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. मुलाच्या भांडखोर बुद्धीला दडपण्याऐवजी तिला नियम शिकवणे, ही शिक्षणातील मोलाची गोष्ट आहे.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते. आकारिक तर्कशास्त्र अनुमानाची शुद्धता तपासते. आधारवाक्य खरे की खोटे, हे ते सांगत नाही. या शाळांत बायबल हा एक विषय नसून सर्व विषयांचा आधार मानला जातो. साहजिकच विद्यार्थी इतरांची आधारवाक्ये तपासतो, स्वतःची मात्र गृहीत धरतो. याचा परिणाम काय होऊ शकतो, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १९९६ साली विल्सन यांनी एका सहलेखकासह अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीविषयी पुस्तिका लिहिली आणि मालक व गुलाम यांचे नाते परस्पर स्नेहाचे असल्याचे चित्र रंगवले. इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्यावर कठोर टीका केली. तर्कशिक्षणाचा पुरस्कर्ता तर्कात कमी पडला, असे नव्हे. पुराव्याकडे पाहण्याची तयारी कमी पडली. आपल्या नैयायिकांनी पंचावयवी वाक्यात ‘उदाहरण’ हा अवयव आवश्यक मानला तो यासाठीच. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे एवढे म्हणून त्यांचे समाधान होत नसे; स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिल्याची अनुभवाची साक्ष त्यांना हवी असे.

अभिजात अभ्यासक्रम आणि धर्ममत यांची फारकत होऊच शकत नाही, असेही नाही. ॲरिझोनात ‘ग्रेट हार्ट्स’ या संस्थेच्या सनदी शाळा सार्वजनिक निधीवर चालतात, लॅटिन आणि अभिजात ग्रंथ शिकवतात, पण धर्मोपदेश करीत नाहीत. तेव्हा घेण्यासारखे आहे ते अभ्यासाचे शिस्तबद्ध रूप, कुंपण नव्हे.

हा प्रश्न पालकांच्या खासगी निवडीपुरता असता, तर इतरांनी त्यात पडण्याचे कारण नव्हते. स्वतःच्या पैशाने आपल्या श्रद्धेनुसार मुलांना शिकवण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे. परंतु आता हिशेब बदलला आहे. २०२२ साली ॲरिझोनाने शालेय वयाच्या प्रत्येक मुलासाठी सरकारी शिक्षणखाते खुले केले. त्या पैशातून धार्मिक शाळेची फी भरता येते. खासगी शाळांना खर्चाचे साह्य देणाऱ्या राज्याला केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मेन राज्याच्या खटल्यात दिला. सरकारी शाळांना राज्याच्या परीक्षा बंधनकारक, आणि त्याच तिजोरीतून पैसा घेणाऱ्या ॲरिझोनातील या विद्यार्थ्यांना मात्र त्या नाहीत, ही विषमता अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही. या व्यवस्थेचे वैचारिक जनक मिल्टन फ्रीडमन यांनीसुद्धा १९५५ सालच्या निबंधात शासनाने पैसा द्यावा व शाळा इतरांनी चालवाव्या असे सुचवताना किमान समान आशयाची अट मान्य केली होती. आज त्यांचे नाव घेतले जाते. अट तेवढी विसरली जाते.

महाराष्ट्राला हा वाद अपरिचित नाही. रयतेच्या करातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि कर देणाऱ्याची मुले निरक्षर राहतात, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. पैसा सर्वांचा असेल, तर हिशेबही सर्वांना दिला पाहिजे, हे त्या निवेदनाचे सार आजही लागू आहे.

तेरा वर्षांच्या मुलाला तर्क शिकवणारी शाळा चांगलीच. मात्र तो तर्क एके दिवशी त्या शाळेकडेच वळेल, तिच्या आधारवाक्यांना आणि तिच्या जमाखर्चालाही प्रश्न विचारील. त्या दिवशी शाळा त्याला उत्तर देते की गप्प बसवते, यावरून तिने खरोखर काय शिकवले ते ठरेल.